जाऊबाई, तुमचं ते जाळीतलं भोक

जाऊबाई,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, सतरंज्या शाळेत परत गेल्या, मोठी पातेली ज्याची त्याला पोचली. घर रिकामं झाल्यावर माणसं रडतात म्हणे. मी स्टुलावर चढले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी उतरवली. ती आता ओसरीवर माझ्यासमोर पडली आहे आणि तुम्ही पाडलेल्या भोकातून मला खालची फरशी दिसते आहे.

इतके दिवस जो येईल तो तुमचं कौतुक करून गेला. मायाळू होती. हाताची सढळ होती. दारात आलेल्याला तिनं कधी परत पाठवलं नाही. हे शेवटचं ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे. दारात आलेल्याला तुम्ही परत पाठवत नव्हता, हे खरं आहे. पण एका बाईला तुम्ही आठ वर्षं दारात येऊच दिलं नाही, खिडकीबाहेर उभं ठेवलं, आणि ती तुमच्या माहेरची होती. बैठकीत हे कोणी बोललं नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मीही बोलले नाही, म्हणून लिहिते आहे.

जाळ्या कशासाठी बसवल्या ते तुम्ही नंतर सोयीनं विसरलात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्या नलूला हिवताप झाला. मलेरियावाला येऊन बोटातून रक्त घेऊन गेला, भिंतीवर खडूनं तारीख टाकून गेला, गोळ्या देऊन गेला. ताप एक दिवसाआड यायचा. तुम्ही तिच्या उशाशी नऊ दिवस बसलात. मी घरातलं आणि शेतावरच्या भाकरीचं बघत होते, आणि तुम्ही तिच्या कपाळावरची पट्टी बदलत तिला तुमच्या माहेरच्या, शिरपूरच्या गोष्टी सांगत होता. हुडहुडी भरली की तिच्यावर दोन वाकळी टाकून वरून स्वतः आडव्या व्हायच्या. त्या नऊ दिवसांचे उपकार मी मानते. पुढे जे लिहिणार आहे त्यानं ते कमी होत नाहीत. त्या नऊ दिवसांनी पुढचंही कमी होत नाही.

नलू उठल्यावर मी आमच्या ह्यांच्या मागे लागून वाशीमहून बारीक लोखंडी जाळी आणवली. रिसोडचा मिस्त्री तीन दिवस ओट्यावर बसून चौकटी करत होता. पाच खिडक्या, दोन दारं. आपल्या केनवडात तेव्हा अशी दारं सरकारी दवाखान्याला होती आणि एका मारवाड्याच्या घराला. सासूबाईंना वाटलं, घराला सुतक लागलं. तुम्ही ओसरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आता आपल्याले सकाळ-संध्याकाळ दाने टाकत जाय सुमन, पिंजरा तं झाला तयार." सगळे हसले. मीही हसले. मिस्त्री तर हातोडी खाली ठेवून हसला.

जाळी बसवली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. मी वहीत लिहून ठेवलं होतं. महिन्यातून एकदा कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडणे. पावसाळ्याआधी चौकटी उतरवून मागून घासलेटच्या फडक्यानं पुसणे, गंज दिसला तिथं पातळ काळा रंग देणे. दाराच्या स्प्रिंगला तेल. प्रत्येक चौकटीच्या पाठीवर रंगानं आकडा घातला होता, म्हणजे कोणती कुठं बसते याचा घोळ नको. ती वही पाहिली की तुम्ही "आली यादीवाली" म्हणायच्या.

आणि तुम्ही काय केलंत? जाळीच्या दाराला वरवंटा लावून ते उघडं ठेवलंत, कारण दर वेळी दार ओढायचा तुम्हाला कंटाळा. दाराच्या कडीला ओली फडकी वाळत घातलीत. स्वयंपाकघरातून खिडकीबाहेर पाणी फेकायची तुमची जुनी सवय, ती जाळी लागल्यावरही गेली नाही. भांडं विसळलं की फेकलं. पाणी जाळीला लागून अर्धं तुमच्याच अंगावर यायचं, कांद्याची सालं जाळीत अडकून वाळायची, आणि चार महिन्यांत खालची कड तांबडी झाली. मी सांगितलं की तुम्ही म्हणायच्या, "राहू दे वो, लोखंड हाय ते, मरते काय." जाऊबाई, लोखंड मरतं. तुम्हाला वस्तूची किंमत कधी कळली नाही. दुसऱ्यानं खपून केलेलं तुमच्या हातात पडलं की त्याचं पोतेरं व्हायचं.

मग ते भोक दिसलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गजाच्या मध्ये, खालून चार बोटांवर, पेला सरळ बाहेर जाईल एवढं. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही चुलीपुढे बसल्या होता, मानही वळवली नाही. उंदरानं खाल्ली असेल म्हणालात. मी म्हटलं, उंदीर चौकोनी खात नाही. त्यावर तुम्हाला हसू आवरेना, आणि मला राग आवरेना. दोन दिवसांनी सासूबाई कुरकुरायला लागल्या की अडकित्त्यानं सुपारी फुटत नाही, नुसती चेमटते. पात्याला दाते पडले होते. तारेची जाळी कापायला तुम्हाला घरात सासूचा अडकित्ता सापडला.

मी भोक बुजवलं. त्याची रीत आहे. भोकापेक्षा बोटभर मोठा चौकोन कापायचा, चारी कडांच्या आडव्या तारा उसवून काढायच्या, उरलेली टोकं जाळीतून पलीकडे घालायची आणि वाकवून दाबायची. नीट केलं तर ठिगळ शोधून सापडत नाही. माझी दुपार गेली. पाचव्या दिवशी तिथंच पुन्हा भोक. मी पुन्हा बुजवलं. तिसऱ्यांदा कापलंत तेव्हा मी ठरवलं की बघूच, आणि दुपारी धान्याच्या खोलीत निवडत बसले. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं.

बाहेरून कोणीतरी हळूच हाक मारली, "वच्छे."

वच्छे. या घरात तुम्हाला कोणी असं म्हणत नव्हतं. सासूबाई मोठी म्हणायच्या, भासरे, तुमचे मालक, तर काहीच म्हणायचे नाहीत, नुसते खाकरायचे. तुम्ही उठलात, ताकाचा पेला भरलात आणि भोकातून बाहेर धरलात. बाहेरून चिवळीच्या भाजीची एक जुडी आत आली, मग दुसरी. मग तुम्ही दोघी गजाला डोकं टेकून बोलत बसलात. शिरपूरला कोणाच्या लेकीचं जमलं, कोणाची विहीर आटली, तुमच्या भावाच्या घराचं आढं बदललं की नाही. तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तो एखाद्या लहान पोरीचा होता.

ती गयाबाई. शिरपूरची लेक, तुमच्याच वयाची, आपल्या गावात सून म्हणून दिलेली. नदीकडच्या वस्तीत घर, दोन एकर रान, भाजीपाला. घर बौद्ध. सासूबाई असेपर्यंत त्या वस्तीतलं माणूस आपल्या ओट्याच्या वर आलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तुमच्या माहेरात एका गावची लेक म्हणजे बहीण. बहिणीला तुम्ही जाळीत भोक पाडून ताक दिलंत.

त्या दिवशी आपलं भांडण झालं ते आठवतं? तुम्हाला वाटलं, मी गयाबाईबद्दल सासूबाईंना सांगेन. मी जाळीबद्दल बोलत होते. मी म्हटलं, ताकच द्यायचं आहे ना, मग दार आहे. तुम्ही कमरेचा पदर खोचला आणि म्हणालात, "दार हाय ना? मंग बोलाव तिले पुढच्या दारानं. सासूबाई बसल्या हायेत ओसरीवर. तू मॅट्रिक शिकेल हायेस, वही हाय तुह्यापाशी. लिही त्याच्यात आन् बोलाव."

मी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पक्कड आणि तार घेऊन बसले आणि त्या भोकाला झडप केली. वरच्या कडेला तारेच्या दोन कड्या, त्यांत जाळीचा एक तुकडा अडकवलेला. पेला बाहेर जाताना उचलायची, हात आत घेतला की आपोआप पडायची. डास येणार नाहीत. तुम्ही बघून म्हणालात, "हे झकास केलं तू." मलाही झकास वाटलं, हे कबूल करते. तुम्ही अडकित्त्यानं ओबडधोबड कापलंत, मी त्याला कड घालून ते कायमचं केलं. तुमच्याबद्दल मनात जी तुच्छता आहे, तिच्यातला एक वाटा माझाही आहे. तो मी वेगळा काढून ठेवते, त्यावर तुम्ही बोलायचं कारण नाही.

एकदा तुम्ही तिला मागच्या दारानं यायला सांगितलंत. सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या. मी मोरीवर होते, सगळं ऐकू येत होतं. गयाबाई म्हणाली, "मागच्या दारानं मांजर येते, वच्छे. मी नाई." तुम्ही गयावया केलीत. ती हसली आणि म्हणाली, "आमी छप्पन साली सोडलं ते. तुमी कवा सोडता ते सांगा, मंग पाहू." मग खिडकीशी यायला कशी तयार होतेस, असं तुम्ही रागानं विचारलंत. "तुह्यासाठी येतो. तुह्या घरासाठी नाई."

एवढं स्पष्ट बोलणारी बाई. तिच्याशी तुम्ही काय वागलात?

जाळीची एक गोष्ट असते, ती जाळी असलेल्या घरात राहणाऱ्यालाच कळते. दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही, नुसता काळोख. आतून मात्र बाहेरचं सगळं दिसतं, लिंबाखालची कोंबडीसुद्धा. गयाबाई खिडकीशी आली की तुम्हाला ती चुलीपुढून दिसायची. सासूबाई आत असल्या, कोणी पाहुणी बसलेली असली, किंवा नुसतं हातातलं काम सोडायचा कंटाळा आला असला, की तुम्ही तिला उभं ठेवायच्या. ती हळू हाक मारायची, खाकरायची, पाय बदलायची. उन्हात डोक्यावर पदर ओढून उभी राहायची. आणि तुम्ही तिच्याकडे बघत भाकरी थापायच्या. मग रिकाम्या झालात की झडप उचलून म्हणायच्या, "अवो गये, कवाची उभी हायेस तू? या मेल्या जाळीतून काई दिसत नाई बाप्पा."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वेळ मारून नेली. मग दर चार दिवसांनी तेच. जाळीला शिव्या घालायच्या, माझ्या जाळीला, आणि ती बिचारी म्हणायची, "आत्ताच आली वो मी." तुम्हाला "सासूबाई आहेत, थांब" असं बोटानं खुणावता आलं असतं. तुमच्याकडे ती झडप होती. पण खूण केली की तिला कळलं असतं, तुम्हाला ती दिसते. आणि दिसते असं एकदा कळलं की मग तुम्हाला दर वेळी काहीतरी खरं सांगावं लागलं असतं. खोटं सोपं होतं, आणि तुम्ही जन्मभर सोपं तेच केलंत. मी तुम्हाला आळशी म्हणायचे तेव्हा तुम्हाला वाटायचं, मी जाळीवरच्या कांद्याच्या सालांबद्दल बोलते.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी वाट पाहिली. महिना सुतकाचा धरला, महिना लोकांचा धरला. मग तुम्हाला विचारलं की आता ओसरीवर कोणी बसलेलं नाही, गयाबाईला कधी बोलावता. तुम्ही बघू म्हणालात. तुरी निघाल्यावर बघू. मग उन्हाळा. मग नलूचं लग्न. नलूच्या लग्नात मी स्वतः पत्रिका लिहायला बसले आणि तुम्हाला विचारलं, गयाबाईचं नाव घालू का. तुम्ही एकदम उठून गेलात. दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सांडगे घालता घालता आपण होऊन म्हणालात, "आता बोलावलं तं थे म्हनन, इतके दिवस काहून नाई? काय सांगू तिले मी? सासू होती म्हनून? सासू मेली थ्याले वर्स झालं."

लाज वाटत होती तुम्हाला. ते मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी माझ्या मनातून तुम्ही उतरलात. अडकित्त्यापर्यंत मी हसले होते. पण उशीर झाला याची लाज वाटते म्हणून माणूस आणखी उशीर करतो, हे मला समजत नाही. मी यादीतलं एखादं काम चुकले तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिलं करते. तुम्ही ते काम रोज डोळ्यांसमोर उभं असताना भाकऱ्या थापल्यात.

आपलं शेवटचं भांडण यंदाच्या उन्हाळ्यातलं. मी चौकटी उतरवून पुसत होते. तुम्ही खाटेवर पडल्या होता, तेव्हा नुसता थकवा आहे असंच सगळे म्हणत होतो. मी म्हटलं की या वेळी मी ही जाळी बदलणार, अखंड लावणार, झडप नाही. आणि गयाबाईला सांगणार की आतून सगळं दिसतं. तुम्ही उठून बसलात. चेहरा असा झाला की मला भीती वाटली. म्हणालात, "तू सांगशीन तं थे येनंच बंद करन. मले आता तिच्याबिगर शिरपूरचं कोन हाय, सुमन?"

मी जाळी बदलली नाही. काही सांगितलंही नाही. तुमची दया आली म्हणून नव्हे. तुम्ही आजारी होता, आणि आजारी माणसाशी भांडायचं नसतं म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं. पण आता तुम्ही समोर नाही तेव्हा लिहायला हरकत नाही. तुमचा तो आवाज मला आवडायचा, खिडकीशी बोलतानाचा. घरात तो दुसऱ्या कोणाशी बोलताना निघत नव्हता. माझ्याशीही नाही. सव्वीस वर्षं मी या घरात तुमच्याबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला आणि एकदाही तुम्हाला वच्छे म्हणावंसं वाटलं नाही मला, किंवा वाटलं तर धीर झाला नाही.

आता तुम्ही नव्हता तेव्हा काय झालं ते सांगते.

माती देऊन माणसं परत आली. आपल्याकडे त्या दिवशी चूल पेटत नाही, भावकीतले आणि शेजारचे कडू भाकर घेऊन येतात. मी दारापाशी वही घेऊन बसले होते. कोणाची पितळी, कोणाची परात, नाव लिहिलं नाही तर महिनाभर घोळ चालतो. डोळ्यांना पदर लावून बसण्यापेक्षा मला ते बरं वाटत होतं. ओसरीवर भासरे, वाशीमच्या नणंदबाई, भावकीतली दहा-बारा माणसं. आणि पुढच्या दारानं गयाबाई आत आली.

डोक्यावर टोपली. पायरीवर चपला काढल्या, जाळीचं दार ओढलं आणि आली. भासरे एकदा वर बघून नुसते खाकरले. ती माझ्यासमोर टोपली ठेवून म्हणाली, "लिवा." मी लिहिलं. गयाबाई, टोपली एक, पितळी एक, भाकरी पाच आणि पिठलं. ती ओसरीवर बायकांत बसली नाही. सरळ आत गेली, कोणाला न विचारता, जणू घर ओळखीचं आहे. मी मागोमाग गेले.

ती चुलीपुढे तुमच्या पाटावर बसली होती. विझलेली चूल, पालथी घातलेली भांडी. तिनं आधी चुलीवर हात ठेवला. मग रडली, पण फार वेळ नाही. मग डोळे पुसून मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं.

मला तेव्हाच कळलं आणि मी काही करू शकले नाही. बाहेर दुपारचं ऊन होतं. लिंब दिसत होता, त्याखाली बांधलेलं वासरू, पलीकडची वाट, आणि ती जिथं उभी राहायची ती जागा. तिथं पायांनी घासून घासून गवत उगवायचं थांबलं आहे, तेही दिसत होतं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हंजे मी दिसत होती तिले."

तिनं बोटानं ती जागा दाखवली.

"उभी होती तवा बी."

मला तुमचंच वाक्य वापरता आलं असतं. ऊन असलं की आतून नीट दिसत नाही, धुरात डोळे चुरचुरतात, असं काहीही. तुम्ही असता तर तुम्ही ते वापरलं असतं, तिचा हात धरून, रडत. मी हो म्हटलं. सगळं दिसतं म्हटलं. मलाही दिसायचं हेही सांगितलं.

गयाबाई उठली. पाट उचलून भिंतीला उभा केला, आपल्या घरी करतात तसा. दारापर्यंत गेली आणि थांबून म्हणाली, "मले कदी कदी वाटे. मंग म्या मनाले म्हनलं, वच्छी तशी नाई." आणि पुढच्या दारानं निघून गेली.

तिची टोपली नणंदबाईंनी फडकं टाकून कोपऱ्यात सरकवली. भासरे कोणाच्या तरी दुसऱ्या भाकरी खाऊन उठले. संध्याकाळी मी गयाबाईच्या दोन भाकरी खाल्ल्या. त्यात मोठेपणा नाही, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि पिठलं चांगलं झालं होतं. तुम्हाला ते आवडलं असतं. तिखट तुमच्या हातासारखंच होतं, शिरपूरचं.

त्यानंतर ती आली नाही. खिडकीशीही नाही, दारातही नाही. चौदाव्या दिवशी मी वहीतून सगळ्यांची भांडी पोचवायला काढली. गडी पाठवून सगळ्यांची पोचवली आणि तिची टोपली मागे ठेवली. आठवडाभर ती माझ्या नजरेसमोर होती. रोज सकाळी वहीत वरती तेच एक काम, रोज संध्याकाळी तसंच राहिलेलं. मी काय करत होते ते मला कळत होतं. तुम्ही करत होता तेच. काल दुपारी मी टोपली उचलली. काही भरून न्यावं असं वाटलं, पण ती लाच झाली असती. रिकामी नेली.

जाऊबाई, तिचं घर आपल्या घरापासून दोन गल्ल्या आणि एक नाला एवढंच लांब आहे. आठ वर्षांत तुम्ही एकदाही गेला नाहीत. मी तरी कुठे गेले होते? विचारत विचारत गेले. घर विटांचं आहे, चुन्यानं नीट रंगवलेलं. तिचा मुलगा मंगरूळला कचेरीत लागला आहे, त्यानं गेल्या वर्षी आईला जाळीचं दार करून दिलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं आहे. पट्ट्यांचे कोपरे काटकोनात, खिळे ओळीत, कुठं गंज नाही. मी बाहेर उभी राहून हाक मारली. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. पाट्यावर वरवंट्याचा आवाज येत होता. हाक मारल्यावर तो थांबला नाही.

मी पुन्हा हाक मारली नाही. शेजारची एक बाई ओट्यावर येऊन माझ्याकडे बघू लागली, मग आणखी एक आली. ऊन डोक्यावर होतं. मी डोक्यावर पदर घेतला. टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. वरवंटा चालूच होता, सावकाश, पाटा धुवेपर्यंत. मग पावलं आली आणि दार उघडलं.

गयाबाई म्हणाली, "आल्या तवाच दिसल्या तुमी मले. मसाला होऊ देला, मंग उठली."

मी बरं म्हटलं. तिनं टोपली घेतली, पितळी उलटी करून पाहिली, ठेवून आली. दार धरून उभी राहिली. मला वाटत होतं की काहीतरी बोलावं, तुमच्या वतीनं, माझ्या वतीनं, घराच्या वतीनं. मी मनात तीन-चार वाक्यं लावून नेली होती, क्रमानं. पहिलं निघायच्या आत तिनंच बोलून टाकलं, "आज बसा म्हनत नाई मी. बाजार झाल्यावर दुसऱ्या रोजी या. तवा पाहू."

आणि दार हळूच लावून घेतलं. स्प्रिंग नाही त्याला, हातानं लावावं लागतं.

आता ही जाळी. नवी आणली आहे, कापून तयार आहे. पट्ट्या, खिळे, हातोडी जवळ आहे. आज ती अखंड लावते. बाजार परवा आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाणार. ती बसा म्हणेल की नाही, मला खरंच माहीत नाही. नाही म्हणाली तर तिसऱ्यांदा जाईन. तुम्ही इथं असता तर मी नाल्यावरून परत येईपर्यंत खिडकीशी उभ्या राहिला असता आणि मी पाय धुवायच्या आत विचारलं असतं, काय म्हनते वो गयी? आणि मी सांगितलं नसतं. स्वतः जाऊन यायला तुम्हाला आठ वर्षं होती, वच्छे.